"बबल म्हण, मग देते": साडेतीन वर्षांच्या मुलाच्या स्पीच थेरपीबद्दल विचारायचंय

ठाकुर्लीकरीण

नमस्कार मंडळी,

इथे बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मुलगा साडेतीन वर्षांचा. इथे त्याला गुंडू म्हणते. गेल्या दिवाळीनंतर डेव्हलपमेंटल पेडियाट्रिशियननी ऑटिझम सांगितला. बेरा टेस्ट झाली, कान व्यवस्थित आहेत. लगेच घराजवळच्या एका सेंटरमध्ये स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) सुरू केली. स्पीच पाऊण तासाची. मला आत बसू देत नाहीत, आई दिसली की मुलं काम करत नाहीत म्हणे. दाराला काच आहे, तिथून दिसतं तेवढं बघते.

दिसतं ते असं. मॅडम साबणाच्या फुग्यांची बाटली घेऊन बसतात. गुंडूचा जीव की प्राण. बाटली स्वतःच्या गालापाशी धरतात, म्हणजे त्याने तोंडाकडे बघावं. "लुक ॲट मी. बबल म्हण. बबल." तो हात पुढे करतो, बाटली मागे जाते. तो त्यांचा हात धरून झाकणाकडे नेतो, त्या हात सोडवून घेतात. शेवटी रडायला लागतो, रडता रडता 'ब'सारखं काहीतरी निघतं, मग "गुड जॉब!" आणि एक फुंकर. की पुन्हा पहिल्यापासून. हल्ली सेंटरची गल्ली आली की रिक्षातच अंग ताठ करतो.

घरचा गृहपाठही हाच. पाणी, बिस्कीट, काहीही बोलल्याशिवाय द्यायचं नाही. सासूबाईंना हे अजिबात पटलेलं नाही. "लेकराला पाण्यावाचून ठेवायचं ही कुठली ट्रीटमेंट?" म्हणतात आणि माझी पाठ वळली की देऊन मोकळ्या होतात.

गंमत म्हणजे तो बोलतच नाही असंही नाही. सुटे शब्द येत नाहीत, अख्खी वाक्यं येतात. "पुढील स्टेशन ठाणे" हे लोकलमधल्या बाईच्या सुरात, अगदी हुबेहूब. (माझं माहेर ठाण्याचं, त्यामुळे ते स्टेशन पाठ.) बाहेर निघालो की म्हणतो, आंघोळीला नेलं की म्हणतो, टीव्ही बंद केला तरी म्हणतो. "अगंबाई, सांडलं का!" हे काहीही सांडलेलं नसताना. आणि "मी येते हं", 'येतो' नाही. सेंटरच्या फाइलमध्ये याला 'मीनिंगलेस टॉक' लिहिलंय. असं बोलला की "नो ट्रेन, क्वाएट" म्हणायचं अशी सूचना आहे. शिवाय घरात फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांनी गोंधळतो. आता सासूबाई इंग्रजी कुठून आणणार?

माझी चुलत जाऊ न्यू जर्सीला असते. तिच्या मुलीला जी थेरपी मिळते तिला ती 'न्यूरोडायव्हर्सिटी अफर्मिंग' म्हणते, म्हणजे मुलाचं वेगळेपण मान्य करून चालणारी. रडवत नाहीत, डोळ्यात बघायची सक्ती नाही, टॅबलेटवर बोललेलंही चालतं. मी शोधलं तर सगळं इंग्रजीत, आणि त्यातलं अर्धं रील्स.

तर विचारायचंय ते हे: ही वाक्यं थांबवायची की नाही? टॅबलेट दिला तर बोलायचा कंटाळा करेल का? मराठी सोडायची का? आणि अशी थेरपी आपल्याकडे, मराठीत, कोणी करतं का, की हे सगळं तिकडचे लाड आहेत?

---

बाप_माणूस

ताई, जरा कडू बोलतो, राग मानू नका. माझी मुलगी सात वर्षांची आहे. आम्ही नाशिकला असाच मार्ग धरला होता, म्हण आणि घे. पहिले काही महिने तीही रडली. आज ती मागून घेते, नाव सांगते, शाळेत जाते. लस टोचतानाही पोरं रडतातच की.

आणि तिकडचं इकडे लावताना एक बघा. तिकडे वर्गात मदतनीस असतो. आपल्याकडे बालवाडीच्या बाईंना इतकी पोरं असतात की एखाद्या पोराने बाईंचा हात धरून झाकणाकडे नेला तर बाई हात झटकून पुढे जातील. बोलता आलंच पाहिजे. लहान वय वाया घालवू नका एवढंच.

---

सांगलीची_स्पीचवाली

ठाकुर्लीताई, मी स्पीच थेरपिस्ट आहे. मुंबईला वाचा-श्रवणाच्या अली यावर जंग संस्थेत शिकले, आता सांगलीत स्वतःचं लहानसं क्लिनिक आहे. बेरा करून घेतलीत हे फार बरं केलंत, कान न तपासता थेट थेरपीला आलेली मुलं मी आजही बघते. आता बाकीचं सावकाश लिहिते. आज दुपारची अपॉइंटमेंट रद्द झालीय, तुमचं नशीब.

आधी ती बाटली. तुम्ही काचेतून जे पाहिलंत ते पुन्हा वाचा. त्याने हात पुढे केला. मॅडमचा हात धरून नेमका झाकणापाशी नेला. म्हणजे याला कळलंय की बाटली उघडणं समोरच्या माणसाला जमतं आणि त्याच्यापर्यंत आपलं म्हणणं पोचवायला हवं. साडेतीन वर्षांच्या मुलाने दोनदा स्पष्ट सांगितलं आणि दोन्ही वेळा त्याला 'ऐकू आलं नाही' असं उत्तर मिळालं. मग तो रडला, आणि रडण्याला फुगा मिळाला. आता यातून तो काय शिकेल ते तुम्हीच ठरवा.

माझ्याकडे फुगे असे चालतात. बाटली आमच्या दोघांच्या मध्ये, सतरंजीवर. मी समोर नाही, शेजारी, जमलं तर पालथी पडून. पहिल्यांदा नुसतीच फुंकते, भरपूर, काहीही न मागता. फुगा फुटला की "फुटला!" एवढंच. वर गेला की "वर वर वर". मग झाकण घट्ट लावून बाटली त्याच्याच हातात देते आणि गप्प बसते. हे गप्प बसणं आयांना सगळ्यात जड जातं. मनात दहापर्यंत आकडे मोजा, चेहरा अपेक्षेचा ठेवा, तोंड बंद. मूल बाटली माझ्या हातात कोंबतं, किंवा माझं बोट ओढतं, किंवा नुसतं "ऊं" करतं. "उघडू या!" म्हणून मी लगेच उघडते. लगेच. शब्द मी त्याच्या वतीने बोलून ठेवला. त्याने उचलला तर आनंद, नाही उचलला तरी फुगे चालू.

कोणी म्हणेल घट्ट झाकण हीही युक्तीच. आहेच. पण इथे मुलाला सांगायचं निमित्त मिळतं आणि ते कसंही सांगितलं तरी पहिल्या फटक्यात चालतं. तिथे वस्तू ओलीस होती. आणि पाणी, जेवण, शू यांच्या बाबतीत तर ही युक्तीसुद्धा नको. त्या बाबतीत तुमच्या सासूबाई बरोबर आहेत, त्यांना माझा नमस्कार सांगा.

'मीनिंगलेस टॉक' वाचून मात्र मला राग आला. लिओ कॅनरने १९४३ साली ऑटिझमवरचा पहिला गाजलेला लेख लिहिला, त्यात ही पोपटपंची वाटणारी वाक्यं नोंदलेली आहेत. १९४६ मध्ये त्याने आणखी एक लेख लिहून दाखवलं की वाक्य पहिल्यांदा कुठे ऐकलं ते शोधलं की अर्थ लागतो. पुढे अमेरिकेत बॅरी प्रिझंट आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मुलांच्या चित्रफिती बघून या वाक्यांची कामं वेगळी काढली. कधी मागणं, कधी 'हो' म्हणणं, कधी आपली पाळी घेणं, कधी स्वतःलाच शांत करणं. म्हणजे हे तिकडचं नवं फॅड वगैरे नाही, माझ्या जन्माआधीचं आहे.

आता गुंडूचं घ्या. बाहेर निघणं, आंघोळीला जाणं, टीव्ही बंद होणं. तिन्हीत काय समान आहे? एक चालू गोष्ट संपून दुसरी सुरू होतेय. लोकलमध्ये ते वाक्य नेमकं तेव्हाच येतं. पोराने तीन ठिकाणी अचूक वापरलंय! याला "नो ट्रेन" म्हणायचं नाही. टीव्ही बंद करायच्या जरा आधी तुम्हीच म्हणा, "पुढील स्टेशन आंघोळ." त्याच सुरात हं, सूर महत्त्वाचा. ठाण्याच्या जागी आंघोळ, आंघोळीच्या जागी भात, भाताच्या जागी आजी. पुढेमागे तो स्वतः एखादं स्टेशन बदलेल. नाही बदललं तरी पुढे काय येतंय हे त्याला आधी कळलं, तेही कमी नाही.

"अगंबाई, सांडलं का!" याचा उगम घरातच असणार. एक वही घाला. वाक्य काय, कुठे ऐकलं असेल, आत्ता म्हणाला तेव्हा काय चाललं होतं. आजीला विचारा, आज्यांना बरोबर आठवतं.

"मी येते हं" बद्दल जरा थांबते, कारण इंग्रजी रील्समध्ये हे सापडणार नाही. आपल्या क्रियापदाला बोलणाऱ्याचं लिंग चिकटतं. गुंडू वाक्य जसंच्या तसं उचलतोय, म्हणून तुमच्या तोंडचं 'येते' त्याच्या तोंडी आलं. 'येतो म्हण, तू मुलगा आहेस' असं करत बसू नका. तुम्ही त्याच्यासमोर जी वाक्यं ठेवाल ती त्याने तशीच्या तशी उचलली तरी त्याला शोभतील अशी ठेवा. मराठीत सोय आहे: "जाऊ या", "बसू या", "मला हवं", "मला नको", "संपलं", "दुखतंय", "मदत हवीय". यात बाई-पुरुष येतच नाही. जिथे येतं तिथे त्याच्या बाजूने बोला. तो धपकन पडला की "पडलास का?" ऐवजी "पडलो!" म्हणा. आधी विचित्र वाटेल, शेजारी बघतील. बघू देत. आणि बाबांना कामाला लावा, त्यांच्या तोंडचं 'येतो', 'जातो' ऐकण्यासाठी घरात वेगळी थेरपी लागत नाही.

त्याच वेळी प्रश्न कमी करा. हे काय? कलर कोणता? काऊ कसा करतो? पाहुणे आले की "काकांना म्हणून दाखव". आपल्याकडे लहान मुलाशी बोलणं म्हणजे त्याची तोंडी परीक्षा घेणं असा एक समज आहे. प्रश्नाऐवजी नुसतं शेजारी बसून बोला. "अरेच्चा, चाक निघालं." आणि गप्प.

इथे एक सावधगिरी, कारण तुम्ही रील्स म्हणालात. अख्खी वाक्यं आधी, सुटे शब्द मागून, याला 'गेस्टाल्ट लँग्वेज प्रोसेसिंग' असं नाव देऊन पायऱ्या-पायऱ्यांची एक पद्धत सध्या जोरात आहे. मार्ज ब्लँक यांनी ती २०१२ मध्ये मांडली. वाक्यांमागचा अर्थ शोधा, इथपर्यंत माझं त्यांच्याशी जमतं. पण मूल अमुक पायरीवर आहे म्हणून अमुकच बोला, तमुक बोलूच नका, याला नीट तपासलेला पुरावा जवळपास नाही, आणि अलीकडे संशोधकांनी ते स्पष्ट लिहिलंयही. तेव्हा 'अफर्मिंग' असं लेबल लावून कोणी महागडा पायऱ्यांचा कोर्स विकत असेल तर पाकीट खिशातच ठेवा.

टॅबलेट. कंटाळा करेल ही भीती प्रत्येक घरात असते. २००६ आणि २००८ मध्ये आधीच्या सगळ्या अभ्यासांची दोन मोठी परीक्षणं झाली. चित्रांनी किंवा यंत्राने बोलायला दिल्यामुळे तोंडाचं बोलणं मागे पडतं असं कुठे दिसलं नाही. बऱ्याच मुलांमध्ये थोडी वाढच दिसली, फार मोठी नाही, पण वाढ. आपल्याकडे मुंबई आयआयटीच्या आयडीसीत (डिझाइन विभागात) तयार झालेलं 'जेलो' हे चित्रांनी बोलायचं ॲप आहे, मोफत आहे, मराठीत आहे. चेन्नईचं 'आवाज' आहे, ते विकतचं पण जास्त खोल. टॅबलेट घ्यायचा नसेल तर आधी एका कागदावर आठ-दहा चित्रं काढून फ्रिजवर लावा. फक्त दोन पथ्यं. आधी महिनोन्महिने तुम्ही वापरायचं, बोलता बोलता 'पुरे' वर बोट, 'अजून' वर बोट. "दाखव बघू केळं कुठेय" नाही. आणि 'नको', 'थांब', 'पुरे' ही चित्रं पहिल्या दिवसापासून हवीत. मी पाहिलेल्या निम्म्याअधिक तक्त्यांवर खाऊची चित्रं रांगेने असतात आणि 'नको' कुठेच नसतं. मोठ्यांना सोयीचं नसतं ना ते! बोलायचा टॅबलेट कार्टूनचा टॅबलेट नव्हे, आणि शिक्षा म्हणून तो काढून घ्यायचा नाही.

भाषा: मराठी अजिबात सोडू नका. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलांचं बोलणं मागे पडतं असं संशोधनात दिसलेलं नाही. घरात इंग्रजी लादलीत तर आजी मुकी होईल, आणि त्याच्याशी सगळ्यात जास्त वेळ बोलणारं माणूस तेच दिसतंय.

'तिकडचे लाड' या प्रश्नाचं उत्तर आपल्या शेजारीच आहे, गोव्यात. तिथल्या 'संगाथ' संस्थेने आणि पाकिस्तानात रावळपिंडीच्या गटाने मिळून एक चाचणी केली, २०१६ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त आली. दोन्हीकडची मिळून ६५ मुलं. सहा महिन्यांत बारा भेटी. थेरपिस्टही नव्हत्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या होत्या. करायचं काय, तर आई आणि मूल खेळताना थोडा व्हिडिओ काढायचा आणि मग आईबरोबर बसून तो बघायचा. मूल कधी वळून बघतं, आपण कधी त्याच्या मागे जातो, कधी आपलंच घोडं पुढे दामटतो. बदलायचं ते मोठ्यांनी. निकाल असा की आयांचं मुलाच्या कलाने घेणं पुष्कळ वाढलं आणि मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. हे तुम्ही फोनवर उद्या करू शकता. यात 'लुक ॲट मी' कुठेही नाही.

आता सेंटरचं. लगेच सोडा असं मी इथून म्हणणार नाही, मी त्या मॅडमना पाहिलेलं नाही. आरसीआयचा (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा) नोंदणी क्रमांक आहे का ते आधी विचारा, तो असायलाच हवा, १९९२ चा कायदाच आहे तसा. मग म्हणा, मला आत बसायचंय. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या आईला दाराबाहेर ठेवण्याचं मला पटलेलं एकही कारण नाही. आणि विचारा, "तो नको म्हणाला तर तुम्ही काय करता?" या एका प्रश्नावर बरंच कळतं. लेखी उद्दिष्टं मागा. 'दहापैकी आठ वेळा डोळ्याला डोळा भिडवेल' असं असेल तर ते बदलायला सांगा. 'हवं, नको, दुखतंय हे हाताने, चित्राने, शब्दाने, कसंही कळवेल' असं असेल तर तिथे थांबायला हरकत नाही. न्यूरोडायव्हर्सिटी हा शब्द पाटीवर असो वा नसो. शब्द न लावता असं काम करणारे लोक मी मिरजेत, कोल्हापुरात पाहिलेत आणि पाटीवर शब्द लावून बाटली गालाशी धरणारेही.

बाप_माणूस, तुमच्या लेकीचं कौतुकच आहे, आणि तशा पद्धतीने मुलं बोलत नाहीत असं मी म्हणणार नाही. पण बालवाडीत तिला सगळ्यात आधी काय लागलं असेल? 'शू', 'दुखतंय', 'मदत', 'नको'. 'बबल' नाही.

---

हेडफोनवाला_पुणे

मी स्वतः ऑटिस्टिक आहे, निदान नोकरीला लागल्यावर झालं. मुलांचा अनुभव नाही, त्यामुळे एकाच गोष्टीवर लिहितो.

डोळ्यात बघणं. लहानपणी "बोलताना माझ्याकडे बघ" असं सरांनी म्हटलं की मी बघायचो. डावा डोळा, उजवा डोळा, मधे किती वेळ झाला, आता हलवावा का, चष्म्यावर ट्यूबलाइट दिसतेय. बोलणं संपायचं आणि सर विचारायचे, काय सांगितलं मी? ऐकायचं असेल तर मला टेबलाकडे बघावं लागतं. अजूनही. ऑफिसात टीम लीडला हे सांगितल्यापासून मीटिंग बऱ्या होतात.

ब्रिटनमधले डेमियन मिल्टन, तेही ऑटिस्टिक, यांनी २०१२ मध्ये 'डबल एम्पथी प्रॉब्लेम' मांडला. थोडक्यात, आम्हाला तुमचं कळत नाही तितकंच तुम्हालाही आमचं कळत नाही, आणि दुरुस्ती मात्र आमचीच करतात. धाग्यातला झाकणाचा प्रसंग वाचून हेच आठवलं. मुलाचं म्हणणं मला इथे पुण्यात बसून कळलं.

अवांतर: लोकलची घोषणा मलाही पाठ आहे. सेंट्रलची आणि वेस्टर्नची वेगवेगळी. गुंडूशी माझं जमेल.

---

ठाकुर्लीकरीण

सगळ्यांचे आभार. स्पीचवाली ताई, तुमचा प्रतिसाद अहोंना मोठ्याने वाचून दाखवला, 'येतो-जातो'ची थेरपी ऐकून हसत होते, पण त्या रात्रीपासून दार उघडताना "मी आलो!" चालू झालंय.

वही घातली. "अगंबाई, सांडलं का" चा उगम सासूबाईंनीच सांगितला. पावसाळ्यात दूध उतू गेलं होतं, कुकरची शिट्टी त्याच वेळी झाली, गुंडू घाबरून ओट्याखाली शिरला आणि त्या हेच म्हणाल्या होत्या. आता बघितलं तर मिक्सर लागला, वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू झालं, की तेव्हा म्हणतो. म्हणजे आवाज! सांडण्याचा काही संबंधच नाही. आता मिक्सर लावायच्या आधी सांगते, आणि तो कानावर हात ठेवतो.

सेंटरमध्ये आत बसायचं विचारलं. "पॉलिसी नाही" म्हणाले. नको म्हणाला तर काय करता, यावर "नको म्हणायची सवय लागली तर अवघड होतं" असं उत्तर आलं. या महिन्याचे पैसे भरलेत, पुढचे भरणार नाही.

जेलो उतरवून घेतलं. सासूबाई म्हणाल्या, "मोबाईलला सांगायचं आणि मोबाईलने मला सांगायचं, मग मी कशाला?" त्यांना काय सांगू? आणि दुसरी थेरपी मिळेपर्यंत पैशाचं काही होतं का? ओटी चालू ठेवायचीय.

---

बाप_माणूस

ताई, मिक्सरचं वाचून आमच्या हिने विचारलं, आपल्या मुलीचं "दार लावा दार लावा" कुठून आलं असेल. ते अजून आहे. बघतो.

स्पीचवाली मॅडम, एक विचारतो, भांडायला नाही. 'नको' चं इतकं ऐकायचं म्हटलं तर मग औषध कसं पाजायचं? रस्त्यावर हात सोड म्हणाली तर?

---

सांगलीची_स्पीचवाली

दादा, चांगला प्रश्न, आणि मला रोज विचारतात. 'नको' ऐकणं आणि 'नको' मानणं या दोन गोष्टी आहेत. रस्त्यावर हात सुटणार नाही. पण "नको म्हणतेयस, कळलं मला. गाड्या आहेत. झाडापर्यंत धरू या, मग सोडू" असं म्हणता येतं, आणि झाडापाशी खरंच सोडायचा. औषधात निवड देता येते: चमच्याने की सिरिंजने, मांडीवर की खुर्चीत. औषध चुकत नाही. पण थेरपीच्या खोलीत, फुगे खेळताना, 'नको' न मानण्यासारखं काय आहे? तिथे तरी ते चालू द्यावं, म्हणजे नकोला किंमत असते हे मुलाला कळतं. पुढे कोणी अंगाला हात लावला तर नको म्हणता यायला हवं, आणि ते ज्या मुलांना कुणी म्हणूच दिलेलं नाही त्यांना जड जातं. "दार लावा"चं काही सापडलं तर इथे नक्की लिहा.

ठाकुर्लीताई, सासूबाईंना मोबाईल धरायला सांगू नका. त्यांना फ्रिजवरचा कागद द्या. त्या स्वयंपाक करताना "अजून?" म्हणत पोळीच्या पिठाच्या बोटाने 'अजून' वर टेकवतील, त्याहून चांगलं काम मी करू शकत नाही. कागद लॅमिनेट करा मात्र.

पैशाचं. आधी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. ऑटिझम २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे, त्यामुळे अडवू नये. ते मिळालं की केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची 'निरामय' आरोग्य विमा योजना: एक लाखापर्यंतचं संरक्षण, त्यात थेरपीसाठीही मर्यादित रक्कम धरलेली असते. अर्ज ट्रस्टकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत करायचा. दुसरं, जिल्हा रुग्णालयांतली डीईआयसी, म्हणजे लवकर निदान आणि उपचाराचं केंद्र. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली (आरबीएसके) ही केंद्रं आहेत, तो कार्यक्रम २०१३ मध्ये सुरूच झाला पालघरहून, तेव्हा ते तुमच्याच ठाणे जिल्ह्यात होतं. सेवा मोफत. गर्दी असते, फोन करून दिवस विचारून जा, आणि अंगणवाडी किंवा आरबीएसकेच्या पथकाची चिठ्ठी असेल तर न्या. मुंबईत 'उम्मीद' हे बालविकास केंद्र २००१ पासून आहे, तिथे वेळ मिळायला थांबावं लागलं तरी नाव नोंदवून ठेवा. ओटीच्या बाईंना त्या मिक्सरबद्दल आणि कानावरच्या हातांबद्दल सांगा, ते त्यांच्या कामाचं आहे.

आणि वहीत तारीख टाकत जा. नव्या थेरपिस्टकडे जाताना जुन्या फाइलच्या आधी ती वही टेबलावर ठेवा.